वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर आहे? डॉट इन नोंदणी, सुरुवातीपासून

दुकानाचा गाळा, वीजमीटर, जीएसटी हे सगळं कोणाच्या नावावर आहे ते सांगलीच्या गणपती पेठेतला कुठलाही व्यापारी झोपेतून उठवला तरी सांगेल. वेबसाइटच्या नावाबद्दल विचारलं, की उत्तर येतं, "ते आमच्या वेबसाइटवाल्याला माहीत." नेमकी इथंच पाल चुकचुकते. गाळा भाड्याचा असला तरी करार आपल्या हातात असतो. डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा, करार मात्र बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवलं जातं, आणि ज्याच्या नावावर नोंद त्याचा हक्क. वेबसाइट कोणी बनवली, पैसे कोणी दिले, पाटीवर नाव कोणाचं, याला नोंदीपुढे फारसं वजन नाही. म्हणून नाव घेण्यापूर्वी ही नोंद कुठं होते ते समजून घ्या.

नोंद कुठं होते

प्रत्येक देशाला दोन अक्षरांचं एक शेपूट मिळालेलं आहे. आपलं डॉट इन. ते १९८९ मध्ये भारताच्या नावे लागलं. सुरुवातीला नियम इतके कडक होते की १९९२ ते २००४ या काळात मिळून सुमारे सात हजार नावंच नोंदली गेली. २००५ पासून नोंदणी सगळ्यांना खुली झाली आणि काम निक्सीकडे आलं. निक्सी म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. २००३ मध्ये स्थापन झालेली, नफ्यासाठी न चालणारी ही कंपनी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. डॉट इनची मूळ वही तिच्याकडे असते. या वहीला म्हणायचं रजिस्ट्री.

निक्सी स्वतः दुकानदाराला नाव विकत नाही. तिनं मान्यता दिलेले रजिस्ट्रार असतात, ते ग्राहकाच्या वतीनं वहीत नोंद करतात. ज्याच्या नावावर नोंद होते तो रजिस्ट्रंट, म्हणजे तुम्ही. कागदावर अशा तीनच पायऱ्या. आपल्याकडे मात्र मध्ये चौथा माणूस असतो: वेबसाइट करून देणारा, जो रजिस्ट्रारचा रिसेलर, म्हणजे त्याची नावं पुढे विकणारा, असतो किंवा नुसतं स्वतःचं खातं वापरून दहा गिऱ्हाइकांची नावं घेतो. त्यानं तुमचं नाव त्याच्या खात्यात घेतलं, तर सातबारा त्याचा आणि कसणारे तुम्ही.

आपलं नाव कोणाच्या नावावर आहे हे पाहायला दोन मिनिटं लागतात. रजिस्ट्री डॉट इन या संकेतस्थळावर 'हू-इज' शोध आहे. तिथं नाव टाका. नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख, रजिस्ट्रार, स्टेटस, नेमसर्व्हर (साइटचा ठावठिकाणा सांगणारा सर्व्हर) हे दिसतं. व्यक्तीचं नाव, फोन, पत्ता झाकलेला असतो, पण 'ऑर्गनायझेशन', राज्य आणि देश सहसा दिसतात. ऑर्गनायझेशनच्या जागी तुमच्या फर्मचं नाव आहे का ते बघा. तिथं वेबसाइटवाल्याच्या फर्मचं नाव असेल, किंवा राज्य महाराष्ट्राऐवजी भलतंच असेल, तर पुढचा नाव हलवण्याचा भाग आधी वाचा.

कुठलं शेपूट घ्यायचं

डॉट इन, डॉट को डॉट इन, डॉट नेट डॉट इन, डॉट ओआरजी डॉट इन ही कोणालाही मिळतात. डॉट फर्म, डॉट जेन आणि डॉट इंड यांच्यापुढे इन असलेलीही खुली आहेत, पण गिऱ्हाइकाच्या तोंडात ती बसत नाहीत. व्यापाऱ्यानं सरळ डॉट इन घ्यावं आणि परवडलं तर त्याच नावाचं डॉट को डॉट इनही घेऊन पहिल्याकडे वळवावं. संस्था, मंडळ, ट्रस्ट यांना डॉट ओआरजी डॉट इन शोभतं.

काही शेपटं राखीव आहेत. डॉट गव्ह डॉट इन सरकारी कार्यालयांसाठी, नोंदणी एनआयसी या सरकारच्याच संगणक संस्थेकडे. डॉट एसी डॉट इन, डॉट ईडीयू डॉट इन आणि डॉट आरईएस डॉट इन ही शिक्षण आणि संशोधनासाठी, नोंदणी फक्त अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडे. पाचगणीच्या शाळेला किंवा कराडच्या कॉलेजला ही हवी असतील तर संस्थाप्रमुखाच्या सहीचं लेटरहेडवरचं पत्र आणि मान्यतेचा किंवा संलग्नतेचा कागद तयार ठेवावा लागतो. बाजारातला कोणी "आम्ही डॉट एसी डॉट इन दोन तासांत देतो" म्हणाला, तर तो जास्तीत जास्त तुमचा अर्ज भरून देणार आहे.

बँकांचं प्रकरण वेगळं. लोकांना बँकेच्या नावाच्या खोट्या साइटवर फसवलं जातं म्हणून रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉट बँक डॉट इन जाहीर केलं आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर यायला सांगितलं. नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञानाच्या संस्थेकडूनच होते. त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या, आणि सांगली-साताऱ्यात त्या गावोगावी आहेत. खातेदारानं एक सवय लावून घ्यावी: पत्ता उजवीकडून वाचायचा. सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्याच्या दोन तिरप्या रेघा सोडून, पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग बघा, तो शेवटी 'डॉट बँक डॉट इन' असाच संपला पाहिजे. 'बँक-इन डॉट कॉम' किंवा 'डॉट बँक डॉट इन डॉट भलतंच डॉट कॉम' असं दिसलं तर तिथं पासवर्ड टाकायचा नाही. डावीकडे बँकेचं नाव कितीही बरोबर लिहिलेलं असो, मालक उजवीकडचा असतो.

पतसंस्था ही बँक नव्हे, तिला हे शेपूट मिळत नाही. पतसंस्थेनं डोमेनच्या नावात 'बँक' हा शब्दही घालू नये, कारण तो शब्द वापरण्यावर कायद्याचं बंधन आहे.

नाव ठरवताना

नियम थोडे आहेत. डॉट इनच्या नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच चालतं. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही, तिसऱ्या-चौथ्या जागी लागोपाठ दोन रेघा चालत नाहीत, आणि दोन टिंबांमधला भाग ६३ अक्षरांपुढे जात नाही. जो पहिला अर्ज करेल त्याला नाव मिळतं.

खरी अडचण स्पेलिंगची. 'पेढे' हा शब्द इंग्रजी अक्षरांत कोणी एच घालून लिहितो, कोणी न घालता, कोणी शेवटी ई, कोणी ए. साताऱ्याच्या कंदी पेढेवाल्यानं एक स्पेलिंग घेतलं आणि गिऱ्हाईक दुसरं टाइप करत बसलं, तर ते शेजारच्याच्या साइटवर जातं. 'हळद' लिहिताना ळ साठी एलच येतो, पण एल पुढचा ए कोणी टाकतो, कोणी गाळतो. कसोटी सोपी आहे: नाव फोनवर एकदा सांगा आणि समोरच्याला लिहायला लावा. तीन माणसांनी तीन तऱ्हेनं लिहिलं तर नाव बदला. बदलायचं नसेल तर सगळ्यात जास्त होणारी चूकही नोंदवून ठेवा. मधली आडवी रेघ शक्यतो टाळा. फोनवर ती सांगावी लागते आणि ऐकणारा विसरतो.

आणखी एक. सांगलीची हळद, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांना भौगोलिक मानांकन आहे. तसल्या नावाचं डोमेन मोकळं सापडलं म्हणून त्या नावावर हक्क येत नाही. मानांकन उत्पादकांच्या संस्थेच्या नावे असतं, आणि दुसरीकडची हळद त्या नावानं विकली तर डोमेनची नोंद तुम्हाला वाचवणार नाही.

प्रत्यक्ष नोंदणी

आधी एक स्वतंत्र ईमेल उघडा, जो दुकानाचा असेल पण या डोमेनवरचा नसेल. हे फार महत्त्वाचं आहे. डोमेनची मुदत संपली की त्यावरचे ईमेलही बंद पडतात, मग पासवर्ड बदलण्याचा संदेश कुठं येणार? घराला कुलूप लावून किल्ली आतच ठेवल्यासारखं होतं. मोबाइल नंबरही मालकाचा द्या, कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलाचा नको. नोकरी सोडून गेला की ओटीपी त्याच्याबरोबर जातो.

मग निक्सीच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त रजिस्ट्रारच्या यादीतून एक निवडा आणि खातं स्वतःच्या ईमेलनं स्वतः उघडा. वेबसाइटवाल्याला शेजारी बसवा, मदत घ्या, पण खातं तुमचं. भाव बघताना पहिल्या वर्षाचा नाही, नूतनीकरणाचा बघा. पहिल्या वर्षी स्वस्तात देऊन दुसऱ्या वर्षी कितीतरी पट घेणं ही या धंद्यातली जुनी रीत आहे. रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या. क्रेडिट मिळेल ते मिळेल, शिवाय भांडण झालं तर हे बिल पुरावा म्हणून उभं राहतं.

नोंदणी एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत करता येते. चालत्या धंद्यानं तीन ते पाच वर्षांची करावी.

अर्जात 'रजिस्ट्रंट'च्या रकान्यात फर्मचं नाव जीएसटी किंवा उद्यम प्रमाणपत्रावर आहे तसंच्या तसं लिहा, एका अक्षराचाही फरक नको. डॉट इनला नाव-पत्ता लपवून देणारी 'प्रायव्हसी' सेवा चालत नाही. ती कोणी विकत असेल तर घेऊ नका. खोटा पत्ता किंवा बंद फोन नंबर दिला आणि पडताळणीची विचारणा झाली, तर नाव थांबवलं जाऊ शकतं. पॅन, आधार, शॉप ॲक्ट किंवा उद्यमचा कागद स्कॅन करून हाताशी ठेवा. नोंद झाल्याबरोबर दोन गोष्टी: खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि 'ट्रान्सफर लॉक', म्हणजे नाव परस्पर हलवता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, चालू आहे याची खात्री करा.

होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), ईमेल, साइट बनवणं हे सगळं ज्याच्याकडून हवं त्याच्याकडून घ्या. डोमेन त्यांच्यापासून वेगळं ठेवलेलं बरं. होस्टिंगवाल्याशी बिनसलं तर नाव तुमच्या हातात राहतं आणि साइट दुसरीकडे उभी करता येते.

मराठीतलं नाव

डॉट भारत हे देवनागरी शेपूट ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं आणि मराठी नावं त्यात बसतात. आत मात्र यंत्रणा अजून इंग्रजी अक्षरांवरच चालते. देवनागरी नावाचं रूपांतर 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक ओळीत होतं. काही ॲपमध्ये तुमच्या सुंदर नावाऐवजी तीच ओळ दिसते आणि गिऱ्हाईक बिचकतं. मराठी ईमेल पत्ताही सगळीकडे स्वीकारला जात नाही. म्हणून मराठी नाव जरूर घ्या, पाटीवर मानानं लावा, पण त्याच्या जोडीला इंग्रजी अक्षरांतलं डॉट इन असू द्या आणि दोन्ही एकाच साइटवर न्या.

मराठी टायपिंगची एक खोच ध्यानात ठेवा. 'ॲग्रो' या शब्दातला ॲ दोन तऱ्हांनी उमटतो: एक अखंड अक्षर म्हणून, दुसरा अ वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. एका कीबोर्डवरून चालणारा पत्ता दुसऱ्यावरून उघडत नाही, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. 'दऱ्या' मधल्या अर्ध्या र चंही तसंच. अशी अक्षरं नावात टाळता आली तर टाळा.

नाव साइटला जोडणं, आणि साइट हलवताना काय मोडतं

साइट कुठं आहे याबद्दल निक्सीच्या वहीत तुमच्या नावापुढे फक्त एवढं लिहिलेलं असतं: पुढची माहिती अमुक नेमसर्व्हरला विचारा. त्या नेमसर्व्हरवर बाकीच्या नोंदी असतात. 'ए' नोंद साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगते, 'एमएक्स' ईमेल कुठं टाकायचा ते सांगते, 'टीएक्सटी' मध्ये तुमच्या नावानं कोण ईमेल पाठवू शकतो याची परवानगी असते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नवी साइट करताना. नवा माणूस म्हणतो, "नेमसर्व्हर आमचे टाका." टाकले, साइट झकास उघडली, आणि दुसऱ्या दिवशी बेदाण्याची ऑर्डर येणारा ईमेल बंद. कारण नव्या नेमसर्व्हरवर 'ए' नोंद केली, 'एमएक्स' आणि 'टीएक्सटी' जुन्याच ठिकाणी राहिल्या. उपाय असा: बदल करण्यापूर्वी जुन्या ठिकाणची प्रत्येक नोंद उतरवून घ्या, स्क्रीनचे फोटो काढले तरी चालेल. सगळ्या नोंदी नव्या ठिकाणी आधी भरा. मगच नेमसर्व्हर बदला. एसपीएफची, म्हणजे ईमेल पाठवण्याच्या परवानगीची, टीएक्सटी नोंद एका नावाला एकच असावी. दोन झाल्या की दोन्ही निकामी होतात आणि तुमचे ईमेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात. दोन सेवा वापरत असाल तर दोघींना एकाच ओळीत बसवा.

प्रत्येक नोंदीला टीटीएल असतो, म्हणजे ती इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायची. तो बहुधा ८६४००, म्हणजे एक दिवस, ठेवलेला असतो. सर्व्हर बदलायच्या आदल्या दिवशी तो ३०० वर आणा, बदल पाच मिनिटांत पोचेल. नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल मात्र वरच्या वहीत असतो, तो तुमच्या हातात नाही. त्यामुळे जुनं होस्टिंग नेमसर्व्हर बदलल्यावर निदान दोन दिवस चालू ठेवा. आजच्या आज बंद करून भाडं वाचवायला गेलात, तर निम्म्या गिऱ्हाइकांना साइट बंद दिसेल.

डीएनएससेक, म्हणजे नोंदी खऱ्या आहेत हे तपासायची सोय, चालू असेल तर आणखी जपून. वहीत तुमच्या जुन्या नेमसर्व्हरची 'डीएस' नोंद असते, शिक्क्यासारखी. ती तशीच ठेवून नेमसर्व्हर बदलले, तर शिक्का जुळत नाही आणि शिक्का तपासणाऱ्या नेटवर्कवर नावच सापडत नाही. लक्षण ओळखायला सोपं आहे: साइट एका मोबाइल कंपनीच्या नेटवर उघडते, दुसऱ्या नेटवर नाही. आधी डीएस काढा, एक दिवस थांबा, मग नेमसर्व्हर बदला.

साइट अचानक गेली तर होस्टिंगवाल्याला फोन करण्याआधी हू-इजमधलं स्टेटस बघा. 'क्लायंट होल्ड' असेल तर रजिस्ट्रारनं थांबवलंय, बहुधा पैसे किंवा ईमेल पडताळणी राहिली म्हणून. 'सर्व्हर होल्ड' असेल तर रजिस्ट्रीनं थांबवलंय आणि कारण कागदपत्रांत किंवा तक्रारीत शोधावं लागतं. 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' दिसलं तर घाबरू नका, ते तुमचंच कुलूप आहे.

मुदत संपल्यावर

मुदत संपली की साइट बंद होते, पण नाव लगेच जात नाही. आधी रजिस्ट्रारनं ठेवलेली सवलतीची मुदत, ती प्रत्येकाची वेगळी. त्या काळात नेहमीच्या भावानं नूतनीकरण होतं. त्यानंतर ३० दिवसांचा 'रिडेम्प्शन' काळ, त्यात नाव परत मिळतं पण दंडाची मोठी रक्कम मोजून. शेवटी पाच दिवस 'पेंडिंग डिलीट', तेव्हा काहीच करता येत नाही, आणि सहाव्या दिवशी नाव जगाला मोकळं. जुनी, चालती नावं टिपायला यंत्रं टपलेलीच असतात. नाव घेणाऱ्याला तुमच्या जुन्या ईमेल पत्त्यांवर येणारे संदेशही मिळू शकतात, म्हणून धंदा बंद केला तरी आधी बँक, जीएसटी, पुरवठादार सगळीकडचे ईमेल बदलल्याशिवाय नाव सोडू नये.

ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. कार्ड बदललं की पैसे कटत नाहीत आणि त्याची सूचना कोणी न उघडणाऱ्या ईमेलवर जाते. मुदतीच्या दोन महिने आधीची खूण मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये करा. उलट बाजूनं, "तुमचं डोमेन संपतंय, इथं पैसे भरा" असे खोटे ईमेलही येतात. "परदेशातली एक कंपनी तुमचं नाव नोंदवते आहे" हा त्यातलाच प्रकार. ईमेलमधली लिंक दाबायची नाही, रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करून खात्यात बघायचं.

नाव दुसऱ्याच्या खात्यातून आपल्याकडे आणणं

वेबसाइटवाला ज्या रजिस्ट्रारकडे आहे, तिथंच तुम्ही खातं उघडलं तर काम सगळ्यात सोपं. तो आपल्या खात्यातून तुमच्या खात्यात नाव ढकलतो, खर्च बहुधा येत नाही. त्यानंतर रजिस्ट्रंटचा तपशील स्वतः तपासून दुरुस्त करा. खातं बदललं म्हणजे नोंदीतलं नाव आपोआप बदललं असं होत नाही.

रजिस्ट्रार बदलायचा असेल तर जुन्या खात्यातून लॉक काढायचा, 'ऑथ कोड', म्हणजे नाव हलवायच्या परवानगीचा सांकेतिक शब्द, घ्यायचा, नव्या रजिस्ट्रारकडे तो भरून एका वर्षाचे पैसे द्यायचे. ते वर्ष मुदतीत मिळतं. पाच-सात दिवस लागतात. नोंदणीनंतर पहिले ६० दिवस असं हलवता येत नाही. मुदत संपायला आठच दिवस उरले असतील तर आधी आहे तिथंच नूतनीकरण करा, मग हलवा.

वेबसाइटवाला फोनच उचलत नसेल तर हू-इजमध्ये दिसणाऱ्या मूळ रजिस्ट्रारला लिहा. नोंद तुमच्या फर्मच्या नावे असेल तर बिल आणि ओळखीचे कागद जोडून खातं परत मिळवता येतं. नोंदच त्याच्या नावे असेल तर रजिस्ट्रारचे हात बांधलेले असतात. मग समजुतीनं घ्या, किंवा निक्सीच्या वादनिवारण धोरणाखाली तक्रार करा. त्यात एक लवाद नेमला जातो आणि तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव तुमच्या नावाशी किंवा ट्रेडमार्कशी जुळतं, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं किंवा वापरलं. डोमेन हे नुसता पत्ता नसून व्यापारी ओळख असते आणि तिला कायद्याचं संरक्षण मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात मान्य केलं आहे. ट्रेडमार्कची नोंद, जुनी बिलं, छापील कॅरी बॅगा, जाहिराती, जे असेल ते तारखेनिशी जमवा.

पतसंस्था, मंडळं, शिक्षणसंस्था यांच्यात वेगळीच अडचण येते. संचालक मंडळ बदलतं, सचिव बदलतो, आणि खातं जुन्या सचिवाच्या खासगी ईमेलवर राहून जातं. डोमेन संस्थेच्या मालकीचं आहे असा ठराव करून घ्या. पदभार देताना चेकबुक आणि शिक्क्याच्या यादीत रजिस्ट्रारचं नाव, खात्याचा ईमेल, त्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि मुदतीची तारीख या चार ओळी लिहा, आणि नव्या सचिवानं सही करण्यापूर्वी त्याच टेबलावर एकदा लॉगिन करून पाहावं.